एक जूनवाले आणि कॅनडाचा साहेब

३ ऑगस्ट, सकाळी ६
कॅनडाहून गीतांजलीचा फोन. डिसेंबरात बाळंतपण. म्हणाली, पप्पा, तुम्ही आणि मम्मी दोघंही पाहिजेत. म्हणालो, व्हिसाची कागदपत्रं मी पाहणार. बत्तीस वर्षं उदगीरला सरकारी रेकॉर्ड सांभाळलंय. आठ दिवसांत काम फत्ते.

१९ ऑगस्ट
फाईल आणली. लेबल लावलं. दमलो.

६ सप्टेंबर
फॉर्म भरायला बसलो आणि चरकलो. मी जन्मलो एक जूनला. बायको अयोध्या, तीही एक जून. दोन्ही भाऊ एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट हीच तारीख टाकली, हे आपल्याला माहीत. कॅनडाच्या साहेबाला काय माहीत? बोगस कुटुंब म्हणेल. बरं झालं, माझ्या लक्षात आलं.

७ सप्टेंबर
आईला खरी तारीख विचारली. म्हणाली, पोळ्याच्या करीला झालास, बैलं आजून रंगलेलीच व्हती. जुनं पंचांग काढलं. सात सप्टेंबर! म्हणजे आजच वाढदिवस. अयोध्येकडं शिरा मागितला. मिळाला नाही.

१० सप्टेंबर
फॉर्मवर खरी तारीख टाकली. पासपोर्टवर एक जून आहे, म्हणून सोबत चार पानी खुलासा, इंग्रजीत. झेरॉक्सवाला जलील म्हणाला, काका, पासपोर्टवर हाय तेच लिवा ना, कायको लफडा? त्याला ऑफिसचा अनुभव नाही.
अयोध्येची पण खरी तारीख काढू म्हटलं. म्हणाली, माझी हाय ती ऱ्हाऊ द्या. तिनं परस्पर गीतांजलीकडून मोबाईलवर फॉर्म भरून घेतला. एक जून! बिचारी अडकणार.

२२ ऑक्टोबर
अयोध्येचा व्हिसा आला. नजरचुकीनं आला असावा. माझी केस वरच्या साहेबाकडं गेली असणार.

४ नोव्हेंबर
माझा नामंजूर. पासपोर्ट आणि फॉर्मची जन्मतारीख जुळत नाही म्हणे. खुलासा कुणी वाचलाच नाही! आता परत अर्ज केला तरी डिसेंबर उलटणार, असं गीतांजली म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

२ डिसेंबर, बसमध्ये
अयोध्येला हैदराबादच्या विमानतळावर सोडलं. पहिल्यांदाच एकटी चाललेली, पण मागं न बघता सरळ आत गेली.
शेजारच्या प्रवाशाला सांगितलं, बायको लेकीकडं कॅनडाला गेली. त्यानं विचारलं, तुम्ही न्हाई गेले? म्हणालो, आपल्याला थंडी सोसत नाही, मीच नको म्हणालो. त्याला पटलं. मला काही पटेना. जहिराबाद येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून रडलो.