तुम्ही आखलेली रेघ

अहो सुमनचे बाबा,

आज मी तुमची रेघ मोडली. भाऊजी म्हणाले, "वैनी, दादाला तुमीच सांगा. मी न्हाई सांगायचो." म्हणून लिहायला बसले.

निमोण्याच्या माळावरच्या आपल्या घराचं जोतं झालं, भिंती चढू लागल्या. दार तुम्हाला हवं तसं पूर्वेला. पण चढही पूर्वेलाच! माळावरचं सगळं पाणी उंबऱ्याशी येणार, हे तुमच्या ध्यानात कसं आलं नाही हो? की आलं होतं, म्हणूनच जाण्याआधी चुन्याची फक्की मारून चराची रेघ आखलीत? घराच्या वरून वळसा आणि दक्षिणेच्या कडेनं सरळ खाली. पावसानं ती पुसली, तेव्हा भाऊजींनी तिच्यावर दगड मांडले. कुणाला पाय लावू देत नव्हते.

तुम्ही हयात होतात तेव्हा खाली मोकळं रान होतं. आता तिथं दस्तगीरभाईंची खोली आहे, मातीच्या भिंतीची. भिंतीलगत त्यांच्या नातीचा पाळणा. चर तसाच नेला, तर मोठ्या पावसात ती भिंत बसेल.

"दादाची रेघ हाय. तिच्यात फरक व्हायचा न्हाई," भाऊजी म्हणाले.

दस्तगीरभाईंच्या घरच्या अमीनाभाभी त्यांच्या दारातून हसत म्हणाल्या, "मग दळणाच्या टायमाला पानी सोडू नका, पीठ भिजंल!" हसत होत्या, पण पाळण्याची दोरी सोडली नव्हती त्यांनी.

मी वाद घातला नाही. दस्तगीरभाई रेड्यावर पखालीनं पाणी वाहतात. त्यांना म्हटलं, एक पखाल वर सोडा. वाहत्या पाण्यावर मी सुपातला कोंडा टाकला. तुमच्या रेघेवरून तो धावत सुटला आणि थेट भिंतीला जाऊन चिकटला. भाऊजी तिथं उकिडवे बसून बोटानं कोंडा खरवडत राहिले.

आठवतं, आपला बांध फुटून पाणी खालच्या शेजाऱ्यांच्या वावरात शिरलं होतं? ताटावरून उठून फावडं घेऊन पळालात! "आपलं पाणी आपुन सांभाळायचं," एवढंच म्हणालात. मग मी तुमचं ऐकलं की मोडलं?

मी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत बसायचे, तेव्हा तुम्ही हसायचात ना? आता बांधबंदिस्तीची पुस्तिका वाचते. चर उभ्या उतारानं नेला, की पाणी माती कापत पळतं. आडवा, जरासा उतार देऊन नेला, की चालत जातं. तशा खुंट्या ठोकून मी तो उत्तरेला, ओढ्याकडे वळवला. तुमचा लिंब मध्ये आला, त्याला वळसा दिला. उद्या खणायला दस्तगीरभाईही येणार आहेत.

संध्याकाळी भाऊजींनी तुमच्या रेघेवरचे दगड उचलले. मला वाटलं, रागानं फेकतात की काय! पण एकेक करून नव्या चराच्या वळणाशी नेऊन ठेवले. म्हणाले, "हितं पाणी जोर करंल. दादाचं दगड हितंच बसवू."

हस्ताचा पाऊस आला, की मी त्या वळणावर जाऊन उभी राहीन. आधी त्यांची भिंत बघेन, मग आपला उंबरा. शब्द देते.

तुमची,
सरू