तापलेल्या चाकावर पाणी

आबा, तुमाला जाऊन लई वर्सं झाली आन् मी तुमाला कधी कागद लिहिला न्हाई. तुमी असताना तरी कुठं लिहिला म्हणा, तुमी बी इथंच आन् मी बी इथंच. चौथीत शाळा सुटली, त्यामुळं हात नीट चालत न्हाई, वेलांट्या मागंपुढं होतेत. चालवून घ्या. पण एक गोष्ट झालीय आन् ती तुमाला सांगितल्याबिगर मला करमंना.

आधी हे ऐका की तुमची पोरगी गाडी चालवते. हसू नका. तुमची जीप न्हाई, ती कवाच भंगारात गेली. ही पांढरी, सात जण बसतील अशी गाडी हाय. रोज सकाळी नेकनूरच्या नोकरीवाल्या बायका बीडला न्यायच्या आन् संध्याकाळी आणायच्या. दवाखान्यातली नर्स हाय, बँकेतली बाई हाय, शाळेतल्या दोघी हायत. मांजरसुंब्याचा घाट रोज उतरायचा, रोज चढायचा. बाया माझ्या गाडीत निवांत बसायच्या, कारण ड्रायव्हर बाई हाय आन् गाणी लावत न्हाई. समदं बरं चाललं होतं, आन् गाडी थरथरायला लागली.

साधी थरथर न्हाई. घाटात ब्रेक दाबला की स्टेरिंग हातात नाचायचं आन् पायाखाली धडधड धडधड. ब्रेक सोडला की गप. शाळेतली एक बाई म्हणाली, "मावशी, ही गाडी हाय का पिठाची गिरणी?" मी म्हणाले, "दळण आणलं असंल तर टाका." समद्या हसल्या, पण बँकेतली हसली न्हाई. ती म्हणाली, "राग मानू नका मावशी, पण मला घाटात भ्या वाटतंय. ह्या महिन्यात नीट झाली न्हाई तर एक तारखेपासून आमी दुसरी गाडी बघतो." आता ह्या बाया गेल्या तर गाडी दारात बांधून तिला काय कडबा टाकू? माझं पोट त्या गाडीवर, आबा.

बीडच्या नाक्यावर एक मिस्तरी हाय. त्याचं तोंड इंजिनापेक्षा मोठ्यानं चालतं. त्यानं चाक काढलं, ब्रेकचे पॅड माझ्या नाकापुढं धरले, म्हणाला, "हे पॅड हायत का पापड?" नवे पॅड टाकले. चार दिवस बरं गेलं, परत धडधड. मग म्हणाला, ज्या लोखंडी चकतीला पॅड चावतो ती डिस्क झिजलीय. दोन्ही डिस्का नव्या टाकल्या. गाडी अशी थांबायची की पेल्यातला चहा हलू नये. मी नारळ फोडला. आन् पंधरा दिवसांत परत तेच! मी जाऊन त्याच्यावर वरडले. तो बी कमी न्हाई. "आक्का, पॅड नवे, डिस्क नवी. गाडीत जुनं एकच राहिलंय, तुमी. घाटभर ब्रेकवर पाय ठेवून झोपता तुमी."

"माझ्या पायाला काय धाड भरलीय? चल बस शेजारी. झोपते का बघ."

बसला. मी घाट चढले, वर गाडी वळवली आन् उतरायला लागले. तुमी शिकवलं तसं, गाडी गियरवर उतरवायची, ब्रेक वळणाला तेवढा. धडधड होतीच. पण पायाला नाव ठेवायला त्याला जागा सापडंना, खिडकीतून थुंकत बसला. खाली चहाच्या हॉटेलापाशी मी रोजच्यासारखी थांबले, मागून कॅन काढला आन् पुढच्या दोन्ही चाकांवर घळाघळा पाणी सोडलं. चर्रर्र झालं, वाफ निघाली.

"ओ आक्का! आक्का! काय करताय?"

"पाय धुते तिचे. दमली की ती."

मिस्तरी डोक्याला हात लावून तिथंच मातीत बसला.

ही रीत कुठली ते तुमाला ठाव हाय. मला अजून दिसतंय. तुमी नेकनूरच्या बाजारातून बैलगाडी घेऊन येताय, मी उंबऱ्यात तांब्या घेऊन उभी हाय. एक दिस मी तांब्या आधी तुमच्या हातात दिला. तुमी असे तापलात! "मी गाडीत बसून आलो गं, चालत ते आलेत. आधी त्यांचे पाय." बैलं गेली, जीप आली, तरी तुमी बदलला न्हाईत. जीप दारात आली की पुढच्या चाकांवर पाणी, मग तुमच्या पायावर. आईनं कुंकू बी लावलं होतं तिला. शेजारचे हसायचे. तुमी म्हणायचे, "वझं तिनं ओढलं, मी नुसता बसलोय." मग माझी गाडी घाट उतरली की मी दुसरं काय करणार?

मिस्तरी उठला, शर्ट झटकला आन् म्हणाला, "घरी तापल्या तव्यावर तांब्याभर पाणी ओतता का?" एकदा मी लहानपणी तेच केलं होतं, तवा लवकर घासून व्हावा म्हणून. आई किती बोलली मला! त्या दिसापासून तो तवा चुलीवर डुगडुगायचा, भाकरी एकीकडं करपायची आन् दुसरीकडं कच्ची. डिस्कचं बी तसंच, आबा. घाटात तापून लाल व्हायची वेळ आन् वरून गार पाणी, ती वाकडी होणारच. मग पॅड कुठं लागतो, कुठं सुटतो, आन् तीच थरथर हातात येती. चुलीपाशी जे कळत होतं ते रस्त्यावर का कळलं न्हाई, देव जाणे. मी सहज इचारल्यासारखं केलं, "जुन्या जीपला असं केलं तर?" तो म्हणाला, "तिला डिस्का नव्हत्या, ब्रेकचे ड्रम होते, वरून झाकलेले. तिचं एवढं बिघडत न्हाई." मला लई बरं वाटलं.

त्यानं डिस्का लेथ मशीनवर घासून सारख्या करून आणल्या, पॅड परत बसवले, आन् बजावलं, "दमली की वारा द्या तिला, पाणी न्हाई."

महिना संपायच्या आधी बाया घेऊन घाट उतरले. मधल्या वळणावर पुढचा ट्रक एकदम थांबला. दाबला ब्रेक. गाडी गप उभी राहिली, स्टेरिंगनं हूं केलं न्हाई. आरशात बघते तर बँकेतली बाई नर्सच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपलेली. खाली आल्यावर दचकून उठली, "आला का घाट?"

"कवाच मागं पडला. तोंड पुसा, बाई."

नर्स म्हणाली, "मावशी, ती दुसरी गाडी हिनं ठरवली का न्हाई ते इचारा की."

"कशाला इचारू? झोपायला हीच बरी हाय."

परवा एक तारीख झाली. समद्या आल्या, बँकेतली सगळ्यांच्या आधी.

हा कागद कुठं टाकायचा न्हाई, तुमाला वाचता बी येत नव्हतं. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मिस्तरीनं इचारलं होतं, "हे खूळ तुमच्या डोक्यात घातलं कुणी?" मी म्हणाले, "कुणी न्हाई, माझंच हाय." तवापासून तो गिऱ्हाइकांना गाडीचे पाय धुणाऱ्या आक्काची गोष्ट सांगतो, आन् नाक्यावरचे समदे मला बघून दात काढतेत. काढू द्या. मला हसलेलं मी दोन शिव्यांत फेडते. तुमाला कुणी हसलं असतं तर मी त्याच्याकडं परत गाडी नेली नसती, आन् मिस्तरी तर तो चांगला हाय.