खूण परत आली

३ मार्च, मंगळवार

छत्री राहिली. चूक माझी. निघताना हिनं आतून विचारलं, "छत्री घेतली ना?" मला ऐकू आलं, "खात्री केली ना?" कुलपाची खात्री मी खरंच दोनदा केली होती, म्हणून दारातूनच दोन बोटं दाखवली. आता बसमध्ये ही सगळ्या पिशव्या उपसून बसली आहे. "दोन घेतल्यात ना? मग एकही कशी नाही?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर ढग आहेत.

(बस हलते आहे. अक्षर कोंबडीच्या पायाचं.)

डिसेंबरात एकटाच जाऊन कान तपासून आलो. घरी सांगितलं की केस कापायला चाललोय. परत आलो तर केस तसेच! हिच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि ती बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही कान निम्म्यावर आलेत. बॉयलरवर किती वर्षं होतात?" तेहतीस. "मग कानांनी बरीच साथ दिली म्हणायची." बारा तारखेला मशीन बसवायचं आहे. कानात मशीन घालून घरी गेल्यावर काय सांगणार, न्हाव्यानं बसवलं?

तेव्हा बाराच्या आत हिला सांगायचं. या सहलीतच सांगायचं. इथे लिहून ठेवलं म्हणजे पळवाट नको.

४ मार्च, बुधवार

पोचलो. बसमधून उतरल्या उतरल्या नाकात सडक्या अंड्यांचा वास. गंधक. सगळ्या गावाला येतो आणि गावाला त्याचं काहीच नाही. लॉजची मालकीण म्हणाली (समोर उभं राहून बोलली, भली बाई), "दोन दिवसांनी येईनासा होतो. मग घरी गेल्यावर चुकल्याचुकल्यासारखं होतं."

रस्त्याच्या कडेला गटारातून वाफ निघते. एका घराच्या कुंपणापाशी मांजर झोपलं होतं, खालची जमीन गरम म्हणून. इथे यायची कल्पना हिची. "तेहतीस वर्षं तुम्ही पाणी तापवलंत, आता आपलं आपण तापलेलं बघू." मुलीनं लगेच तिकिटं काढून दिली. ठमीनं, म्हणजे मुलीनं, फोनवर विचारलं, "बाबा, गायझर बघितला का?" मी म्हटलं, "बघितला, न्हाणीघरात आहे, पण दिवा लागत नाही." ती अर्धा मिनिट हसत होती. तिला वाटलं मी विनोद केला. जमिनीतून उसळणाऱ्या कारंज्यालाही गायझरच म्हणतात, हे नंतर भिंतीवरच्या पाटीवर वाचलं.

संध्याकाळी हिला म्हणालो, "उद्या जरा उशिरा निघू." तिनं आपल्या डोक्याखालची उशी काढून माझ्या हातात दिली. "घ्या, ही मऊ आहे." बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही म्हणतात. मीच तोंडातल्या तोंडात बोललो असेन. उशी घेतली. खरंच मऊ होती.

५ मार्च, गुरुवार

आज सांगणार होतो. दिवसभर पाऊस. छत्री नाही. हिचं तोंड बघून उद्यावर ढकललं.

६ मार्च, शुक्रवार

उघडलं. झऱ्यांच्या आवारात गेलो. फळ्यांचा रस्ता केलाय, दोन्ही बाजूंना कठडा, खाली पाणी खदखदतंय. निळं, हिरवं, एके ठिकाणी तर तांबेरलेल्या पत्र्याच्या रंगाचं. लोक फोटो काढत होते. मी काठावर जमलेले पांढरे थर बघत होतो. हे तर आमचंच दुखणं! बॉयलरच्या नळ्यांत असाच क्षार बसायचा, आणि दर शटडाऊनला तो खरवडून काढताना बोटं सोलायची. इथे कुणी खरवडत नाही आणि लोक तिकीट काढून बघायला येतात.

चिखलाच्या डबक्यापाशी ही बराच वेळ उभी होती. राखाडी चिखल, त्यावर बुडबुडा फुगतो आणि फुटतो. ती काहीतरी बोलली. ओठ हलताना दिसले. मी जवळ जाऊन विचारलं, "काय म्हणालीस?"

माझ्याकडे बघून म्हणाली, "काही नाही."

इथे लिहूनच टाकतो. माझे वडील साठीनंतर बहिरे झाले. आधी घरातले त्यांना तीनदा सांगायचे. मग दोनदा. मग दादा म्हणायला लागला, "काही नाही बाबा, तुमच्या कामाचं नाही." घरात हसण्याची लाट उठली की बाबा चेहऱ्यांवरून नजर फिरवायचे, विचारायचे, "काय झालं?" आणि आम्ही म्हणायचो, काही नाही. मीसुद्धा म्हणायचो. कंटाळा यायचा, दुसरं कारण नव्हतं. शेवटची आठ वर्षं त्यांना त्या घरातलं काहीही कळलं नाही. आत्याच्या आजारपणाचंसुद्धा त्यांना ती गेल्यावर समजलं.

मला बहिरेपणाची भीती नाही. कानाचं काय, तेहतीस वर्षं वापरला, झिजला. भीती आहे ती या दोन शब्दांची, आणि तेही हिच्या तोंडून. एकदा कळलं की माणसं सांगणं सोडतात. म्हणून सांगत नाही. आणि सांगितलं नाही तरी तिनं आजच सुरुवात केली.

 

७ मार्च, शनिवार

मोठा दिवस. नीट लिहितो.

सकाळी मोठ्या कारंज्याकडे गेलो. गावात त्याला म्हातारा म्हणतात. तासा-सव्वा तासानं उठतो, पण त्याच्या मर्जीनं. सोबत गाईड होती. उंच बाई, गळ्यात शिट्टी, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. तिनं काय सांगितलं त्यातलं निम्मं मला कळलं, ते असं की पिवळ्या पट्ट्याच्या आत कुणी जायचं नाही, आणि शिट्टी वाजली की सगळ्यांनी मागे.

मग बराच वेळ काहीच नाही. माणसं कंटाळून पांगली. ही मात्र पिवळ्या पट्ट्याच्या आत एक पाऊल टाकून उभी, वाकून खालच्या भोकाकडे बघत. मी पाचेक हातांवर होतो. पाण्याची पातळी वर चढली, खाली गेली, पुन्हा चढली. बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी असं नाचायला लागलं की आम्ही हातातला चहा खाली ठेवायचो. आणि मग फळ्या. पायांखाली बारीक थरथर सुरू झाली. ती थरथर मी झोपेतसुद्धा ओळखीन. प्रेशर चढतं आहे आणि सोडायला कुणी नाही.

धावलो. हिचा दंड धरून असा ओढला की ती माझ्या अंगावरच पडली. त्याच क्षणाला म्हातारा उठला. वाफ सरळ आभाळात, आणि वाऱ्यानं तिचा एक फटकारा बरोबर हिच्या जागेवर आला. कठड्यावरून पाणी ओघळलं, त्यातून वाफा निघत होत्या.

मागे वळून बघितलं तर गाईड गाल फुगवून शिट्टी वाजवत होती. कधीपासून वाजवत होती कोण जाणे. चेहरा लालबुंद. नंतर जवळ येऊन ओरडली, "चारदा वाजवली! दोघांचं लक्ष कुठे असतं?" मी मान खाली घातली. हिचं लक्ष पाण्यात होतं, ते समजू शकतो. माझ्या बाबतीत मात्र शिट्टी कानांनीच खाल्ली. फळ्या थरथरल्या नसत्या तर? हा विचार दिवसभर पाठ सोडत नाही.

म्हातारा पंधरा मिनिटं चालला. सेफ्टी व्हॉल्व्ह उडावा तसा आवाज, छातीत ऐकू येणारा. सगळे एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडत होते आणि कुणालाच काही कळत नव्हतं. पहिल्यांदाच सगळे माझ्यासारखे! आणि तेव्हा ही माझ्याकडे वळली आणि हातांनी म्हणाली: बरी आहे.

कारखान्यातली खूण. अंगठा छातीवर, मग तळहात आडवा. आमचा कागदाचा कारखाना. मी बॉयलर हाऊसला, ही कटिंगला. कटिंगच्या यंत्रांपुढे तोंडानं बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, म्हणून सगळे हातांनी बोलायचे. आमचं जमलं तेही हातांनीच. मी काचेच्या पलीकडून विचारलं होतं, सुट्टी कधी. ठमी झाल्यावर हिनं काम सोडलं नाही, बावीस वर्षं केलं, पण घरी आम्ही खुणा कधी वापरल्या नाहीत. घरी कशाला वापरायच्या? तिथे शांतता होती.

आज सगळं परत आलं. तिनं विचारलं, गरम किती. मी सांगितलं, भट्टीच्या तोंडाएवढं. तिनं आमच्या जुन्या फोरमनची खूण केली, नाक वर आणि पोट पुढे, आणि म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. इतकं हसलो की डोळ्यांत पाणी आलं. गेल्या दोन वर्षांत आम्ही मिळून इतकं बोललो नसू. एकही शब्द चुकला नाही, एकदाही "काय?" म्हणावं लागलं नाही.

वाटलं, हीच वेळ. तोंडानं जन्मात झालं नसतं.

बोट छातीवर ठेवलं: मी. बोट कानावर: कान. मूठ वळून उजवीकडे फिरवली: व्हॉल्व्ह बंद.

ती बघत राहिली. मग हळूहळू तिनं तेच केलं. बोट छातीवर, बोट कानावर, मूठ उजवीकडे.

खूण परत आली. आमच्याकडे नियमच तो. समोरच्याची खूण जशीच्या तशी परत करायची. परत केली म्हणजे पोचली, समजली. परत आली नाही तर व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, मग साहेब का ओरडेना. तेहतीस वर्षांत माझी एक खूण वाया गेली नाही ती या नियमानं. समजलं तिला! दुसरं काही विचारलं नाही, कधीपासून नाही, का लपवलंत नाही.

मग ती रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, कान माझे गेलेत, तू कशाला रडतेस?" आवाजात तिला काय कळणार. तिचा हात धरून उभा राहिलो. म्हातारा बसेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

८ मार्च, रविवार

परतीची बस. कालचा विषय तिनं काढला नाही. मीही नाही. झोप मात्र छान लागली.

एक मात्र आहे. सकाळपासून ती माझ्यासमोर येऊन, माझ्या तोंडाकडे बघत बोलते. सावकाश, एकेक शब्द. आणि मी बोलताना नजर हलवत नाही. कसं चटकन शिकली! बाबांसाठी आमच्यापैकी एकानंही इतकं केलं नव्हतं. मी उगाच घाबरत होतो. लाज वाटते.

तिला म्हणालो, "बारा तारखेला डॉक्टरकडे जायचंय. येशील?"

म्हणाली, "मी येणारच आहे."

१० मार्च, मंगळवार

घर. कशालाच वास नाही. लॉजवाली खरं बोलत होती.

१२ मार्च, गुरुवार

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. नंबर पुकारला तेव्हा आम्ही दोघंही बसूनच होतो. शेवटी काउंटरवरची बाई उठून आमच्यासमोर येऊन उभी राहिली. आत गेलो तर ही सरळ जाऊन तपासणीच्या खुर्चीत बसली, माझ्याआधी. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी तिच्या पाठीमागून म्हणालो, "अगं ऊठ, पेशंट मी आहे."

तिनं ऐकलं नाही. खरंच ऐकलं नाही.

समोर जाऊन उभा राहिलो. तेव्हा तिनं बोट छातीवर ठेवलं, मग कानावर, आणि मूठ फिरवली. म्हणाली, "त्या दिवशी सांगितलं की तुम्हाला. कटिंगला आम्ही खुणा परत नव्हतो करत. ते तुमच्या बॉयलर हाऊसचं."

विचारलं, कधीपासून. तिनं सहा बोटं दाखवली.

माझी चार वर्षं.