मामांचा पुढे ढकललेला हर्निया

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार (हर्नियामुळे तुम्हांला वाकता येत नाही, तेव्हा तुमच्या वाट्याचंही मीच वाकते).

तब्येत झकास असेलच. तीच तर अडचण आहे. तापाच्या साथीत आमच्या हॉस्पिटलच्या सगळ्या खाटा भरल्या, तेव्हा तातडीची नसलेली ऑपरेशनं पुढे ढकलायचं ठरलं आणि दोनशे बारा पेशंटना तसं कळवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी ते जीव ओतून केलं. काही घाई नाही हो, असल्या दुखण्यात लोक वर्षानुवर्षं मजेत राहतात, असं एकेकाला पटवलं. (तुम्ही फोनवर केवढे हळहळलात! मागून मामींचा आवाजही आला, "अहो, मग हसताय काय?")

आता तीन महिन्यांनी साथ ओसरली, खाटा रिकाम्या झाल्या, पण ही मंडळी परत यायला तयार नाहीत. एका गुडघेवाल्या आजोबांनी तर माझीच वाक्यं मला ऐकवली, वर धीर दिला. पित्ताशयात खडे असलेल्या बाई सहलीला गेल्यात. काल मोठ्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं, तेव्हा कळलं की आमचं हॉस्पिटल चालतं ते या बिनघाईच्या ऑपरेशनांवरच. तापाच्या पेशंटवर खर्च होतो तो तुमच्यासारखे हर्निये भरून काढतात. थिएटर बंद म्हणून नर्सचे पगार थांबत नाहीत की मशीनचे हप्ते. भूल देणारे डॉक्टर रोज वेळेवर येतात आणि दिवसभर आम्हांला त्यांच्या कॉलेजच्या आठवणी सांगतात (माणूस झोपवायचा हात अजून शाबूत आहे). शेवटी मोठे डॉक्टर म्हणाले, "बाई, फार गोड बोलता तुम्ही. सोमवारसाठी दहा पेशंट आणा, नाहीतर तुमची नोकरीही काही तातडीची नाही."

नऊ जमलेत. नववे खुद्द मोठ्या डॉक्टरांचे सासरे. तिथे त्यांचं काही चालत नाही, म्हणून तोही फोन मीच केला. तुमच्यावर मात्र मी मुळीच दबाव आणणार नाही. शांतपणे विचार करा आणि मग काय ते ठरवा.

तुमची (सोमवारपर्यंत तरी नोकरीत असलेली)
भाची

ता. क. दहावं नाव तुमचं घातलंय. सकाळी सात वाजता, उपाशीपोटी.

आणखी एक ता. क. हे पत्र मामींच्याच हाती पाठवतेय. त्यांनी ते आधी वाचलं आणि म्हणाल्या, "तेव्हा हॉस्पिटलसाठी भरलेली पिशवी मी अजून रिकामी केलेलीच नाही."