बैठकीतल्या पामचे हितशत्रू

चंदननगर,
रविवार, सकाळ

पूजनीय मेजदी,

तुझ्या चरणी धाकट्या भावाचा, बुलूचा प्रणाम. जमशेदपूरची हवा तुला मानवली असेल आणि तुझ्या यजमानांचा, जामाईबाबूंचा खोकला ओसरला असेल, असं धरून चालतो. माझ्या गुडघ्यांची चौकशी तू केलेली नाहीस. पहिल्याच ओळीत विचारलंस, पामच्या पानांची टोकं करपली का. ती करपली आहेत हे मी तुला कळवलं नव्हतं. म्हणजे घरात फितुरी आहे.

तू पाम माझ्या हवाली करून गेलीस त्याच दिवशी मी सगळ्यांना बजावलं, थेट ऊन नको, वरची माती सुकल्याशिवाय पाणी नको आणि पाणी फक्त मी घालणार. तरी माती सदा ओली. पहिला संशय भाडेकरू हालदारबाबूंवर. (पेपर वाचायला येतात आणि नेमके कुंडीला खेटून बसतात. पेपर त्यांच्याकडेही येतो.) गेल्या महिन्यात खिशातून होमिओपॅथीची बाटली काढून कुंडीत थेंब टाकताना मी त्यांना पकडलं. म्हणाले, "टोकं करपतात म्हणजे मूळ तक्रार पोटाची. औषध चालू आहे तोवर याला कॉफी देऊ नका." मी पामला कॉफी कशाला देईन?

मग कुंडीपाशी मांजर ठाण मांडून बसू लागलं. मांजराला झाडांची हौस नसते. रोज मी बाजारातून मासा आणून दिला की पान खायला पुन्हा बाहेर पडतो, त्या दिवशी दाराआड थांबलो. तर तुझी भावजय मासे धुतलेलं पाणी पातेलंभर कुंडीत ओततेय. वर मलाच म्हणते, "माझ्या माहेरी लिंबाला हेच घालतात. लिंबं बघायला या एकदा." सकाळचा चहा मी पहिल्यापासून पामशेजारीच घेतो, आता पहारा म्हणूनही. (चहात साखर नसते. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. डॉक्टरांना मी विचारलेलं नाही.)

तुझा,
बुलू

ता. क. आबाळ होत असेल तर दुर्गापूजा झाल्यावर लेकाला, खोकनला टेम्पो घेऊन पाठवते, असं तू लिहिलंस. पाठवू नकोस. तू गेल्यापासून या बैठकीत माझं ऐकून घेणारं तेवढंच एक उरलंय. पाकीट दोनदा डिंक लावून बंद करतोय, घरात कोणाला कळायला नको.

ता. क. मेजदी, मी तुमची भावजय, कानन. प्रणाम. पाकीट किटलीच्या वाफेवर उघडलं. टोकं करपल्याचं मीच तुम्हाला कळवलं होतं. माशाचं पाणी मी कधीमधी घालते, हालदारबाबूंचे थेंब ते किती. बिनसाखरेचा चहा रोज कपभर कुंडीत कोण ओततं, ते मी लिहीत नाही. पण पाम नेऊ नका. तो आहे म्हणून यांचा संशय भाडेकरू आणि मांजर यांच्यात वाटला जातो. तो गेला तर दिवसभर एकटी मीच सापडेन.