हॉलमधला फोटो

अहो,

ग्रुपबरोबर त्याच डोंगरावर निघालेय. झोपला होतात, उठवलं नाही. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. अकराला प्लंबर येईल. स्वयंपाकघरातला नळ गळतोय, बाथरूममधला नाही.

आणि एक सांगायचंय. हॉलमधला फोटो शिखरावरचा नाही. गेल्या वर्षी शेवटच्या कातळापाशी माझे पाय लटपटले. सगळे वर गेले, मी तीन तास त्यांच्या सॅक राखत बसले. ते उतरल्यावर तिथेच फोटो काढला. मागे नुसतं आभाळ आहे, म्हणून शिखर वाटतं.

मी सांगणारच होते. पण तुम्ही स्वतः खिळा ठोकून तो लावलात आणि येईल त्याला सांगत सुटलात, "आमची ही शिखर चढून आली!" सव्वीस वर्षांत तुमच्या तोंडून माझं कौतुक पहिल्यांदा ऐकलं. मग जीभच रेटेना.

वरून काय दिसतं, हे मात्र तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. विचारलं असतंत, तर तेव्हाच सांगून टाकलं असतं.

फोटो उतरवून ठेवा, खिळा राहू द्या. आज वर पोचले तर संध्याकाळी विचारा. नाही पोचले, तरी विचारा.