डोया

लिंबायत, सुरत
रविवार, दुपार

प्रिय योगराज,

तुझं आमंत्रण पोचलं. काय जाड कागद आहे रे! आपल्याकडे लग्नपत्रिकासुद्धा एवढ्या जाड कागदावर काढत नाहीत. सोबतची चिठ्ठीही वाचली. मुंबईतल्या या मोठ्या प्रदर्शनाचं उद्घाटन मायच्या हातून करायचं तू ठरवलंस, तिच्यासाठी दाराशी गाडी पाठवणार आहेस आणि मी फक्त तिला तयार ठेवायचं आहे. माय येणार की नाही, हे मी सांगणारच आहे. पण आधी जरा तुझं कौतुक करू दे. मोठ्या बहिणीला तेवढा हक्क असतो. फोन केला असता तर तू ‘ताई, नंतर बोलू’ म्हणाला असतास. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

परवा ऑफिसात साडीचं एक डिझाइन जुळवत बसले होते. माझं काम तुला ठाऊक आहे. एकच बुट्टा साडीभर फिरवायचा, पण एक संपून दुसरा कुठे सुरू झाला तो जोड कुणाला दिसता कामा नये. दिवसभर जोड शोधून शोधून माझी नजर आता तशीच झाली आहे, माणसातलेही जोड दिसतात. तर तेव्हा तुझी ती मुलाखत मोबाइलवर लावली. पांढरा सदरा छान दिसत होता. केसही वाढवले आहेस, मायला आवडले नसते. तू सांगत होतास की तू अतिवास्तववादी आहेस, चित्रं तू काढत नाहीस, ती तुझ्या नेणिवेतून आपोआप वर येतात, झोपेत पडलेल्या स्वप्नासारखी. समोरच्या बाई मान डोलावत होत्या. मी मात्र मोठ्याने हसले, शेजारच्या टेबलावरची मुलगी दचकली. अरे, तुझ्या नेणिवेला नाव आहे. सरलाबाई उखा पाटील, आपली माय. ती लिंबायतच्या खोलीत दारापाशी बसायची आणि तिचा नंबर तुझ्या मोबाइलमध्ये होता.

बघ, मी एकेक मोजून देते. तुझं ते गाजलेलं चित्र, खाटकाच्या आकड्याला लाल, ओलं, कापडासारखं काहीतरी लटकतंय आणि खाली बायका वर बघताहेत. त्यावर कुणीतरी मोठा लेख लिहिला, त्यात युद्ध होतं, भूक होती, काय काय होतं. तू बडोद्याला चित्रकलेच्या कॉलेजात गेलास आणि पहिला महिना फोनच केला नाहीस, तेव्हा माय तुला म्हणाली होती, ‘मना जीव टांगनीले लागना रे भाऊ.’ तू तिचा जीव घेतलास आणि टांगलास. दुसरं ते, बाई बाटलीतून स्वतःच्या डोळ्यांत तेल ओततेय आणि तिच्या मांडीवर पोरगं निजलंय. तुला कावीळ झाली होती, तेव्हाचं आहे ते. ‘डोयामा तेल घालीसनी बठनू मी,’ हे तिने तुला किती वेळा ऐकवलं असेल! बाईच्या तोंडातून पाणी निघून पायांनी पळत सुटतं, ते तर सांगायलाच नको. लूमच्या कारखान्यात बाबांचा हात पट्ट्यात गेला म्हणून निरोप आला, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मुंबईच्या लोकांना अहिराणी येत नाही आणि मराठीही ते कानाआड करतात, म्हणून तुझं भागलं. आपल्या गल्लीत प्रदर्शन भरवलंस तर बायका म्हणतील, हे तर आम्ही रोजच बोलतो. माझ्याही बोलण्यात असं पुष्कळ असतं बरं का. हवं तर पेन्सिल जवळ ठेवून पुढचं वाच.

आता तुझं सगळ्यात मोठं चित्र. आपलंच दार आहे ते. खालची फळी कुजली तेव्हा बाबांनी ठोकलेला पत्र्याचा तुकडासुद्धा तू सोडला नाहीस, त्यावरचा तेलाच्या डब्याचा अर्धा छाप जसाच्या तसा आला आहे. दाराला दोन डोळे चिकटलेले, माणसाचे, ओले. आणि बाजूला खाटेवर एक म्हातारी, तिच्या तोंडावर डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबणी. सुंदर काढलंयस, खोटं कशाला बोलू. दर रविवारी ती तुला फोनवर जे म्हणायची, तेच काढलंस. ‘मना डोया दारले लागी ग्यात, कवय येस तू?’ तू म्हणायचास, येतो माय, येतो. मग तू फोन ठेवून रंग कालवायला बसत असशील.

चित्राला नावही ‘डोया’ दिलंस. आपल्या बोलीत ळ नाही, डोळा म्हणजे डोया. यापलीकडे त्यात काही नाही. पण पाटीवर ते इंग्रजी अक्षरांत होतं आणि मुलाखत घेणाऱ्या बाई निघाल्या कोलकात्याच्या. त्यांच्या भाषेत दयेला असंच काहीसं म्हणतात. त्या म्हणाल्या, या चित्रात केवढी दया आहे, त्या वृद्धेबद्दल, सगळ्या वाट पाहणाऱ्यांबद्दल. मी मोबाइल थांबवून तुझं तोंड बघत राहिले. मला वाटलं, आता तू हसशील आणि सांगशील, नाही हो बाई, डोया म्हणजे डोळे, माझी आई असं म्हणते. तू खाली बघितलंस, दाढी कुरवाळलीस आणि म्हणालास, हो, माझी सगळी कला शेवटी दयेचीच आहे. तोच तो जोड, योगराज. तिथे मला तुझा जोड दिसला.

कानबाईचं आठवतं का? श्रावणात नारळाची कानबाई बसवायची आणि तिला डोळे लावायचं काम तुझं. बाबा गेले त्या वर्षीही तूच लावले होतेस. मेणाचा गोळा बोटाने मऊ करायचास, चांदीचे डोळे त्यावर दाबायचास आणि चार पावलं मागे जाऊन बघायचास. माय सगळ्यांना सांगायची की बाकीच्यांची कानबाई नुसती बघते, आमची ओळखते. यंदा तू येतो म्हणाला होतास. मायने नारळ धुऊन, हळद लावून पाटावर ठेवला आणि कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळ झाली, दिवे लावायची वेळ झाली, बाकीच्या घरांत गाणी सुरू झाली आणि आमची देवी तशीच आंधळी. शेवटी मीच डोळे लावले. वाकडे लागले. साडीवर हजार मोर काढते मी, पण तो एक डावा डोळा काही सरळ बसेना. प्रसादाचा रोट आपल्या घराबाहेर कुणाला देत नाहीत, तुझ्या वाट्याचाही आम्ही दोघींनीच खाल्ला. तिला एवढं जात नव्हतं, तरी तिने टाकू दिला नाही. तू त्याच दिवशी कुठल्या तरी हॉटेलच्या गच्चीवरचे फोटो टाकलेस. नेणीव बरी दिसत होती फोटोत.

तू आपल्या समाजाच्या ग्रुपमधून बाहेर पडलास, ते मला मंगलाबाईंकडून कळलं. शेजारच्या खोलीतल्या मंगलाबाई, तुला लहानपणी भाकरीचा पापुद्रा द्यायच्या त्या. त्यांच्या मुलाला तू म्हणालास म्हणे, तिथे रोज कुणी ना कुणी मेल्याचं कळतं, उत्तरकार्याच्या, गंधमुक्तीच्या पत्रिका येतात, काम करायचा मूड जातो. खरं आहे. मूड जपायला हवा.

दिवाळीच्या आधी मी तुझ्या चित्रांचं ते जाड पुस्तक मायला दाखवलं. तिने चष्मा लावला, हात धुतले आणि पोथी घ्यावी तसं मांडीवर घेतलं. पानं उलटत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं, हिला कळलं. काही कळलं नव्हतं रे. तिला वाटलं, तुला जमत नाहीये. दाराच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, ‘बाईना तोंडले डोयाच नहीत वं. ईसरी ग्या वाटस.’ आकड्याला लटकलेलं काय आहे ते तिला ओळखू येईना. मग मंगलाबाई पुस्तक बघायला आल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, तर आपल्या पोरासाठी माय त्यांच्यावर केवढी उखडली! ‘त्याले हासू नका. मना आंडोर आजून शिकी राह्यना.’ नंतर मीठ-मिरच्या घेऊन तिने पुस्तकावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. म्हणजे बघ, मुंबईत तू मोठा कलावंत असशील, पण इथे एका बाईच्या मनात तू नापास होतास आणि ती तुझी लाज झाकत होती. हे तुला कळावं असं मला फार वाटत होतं. आता सांगून टाकलं, छातीवरचा दगड उतरला. हा दगडही घे, काढ.

आता तुझ्या चिठ्ठीचं उत्तर. दुसऱ्या दिवशी वालाच्या शेंगा मोडताना माय आपणहून म्हणाली, त्या चित्रातले डोळे वाया गेले, दाराला काय दिसतं? आणि मग म्हणाली, ‘मी गई का मना डोया दारले लावापेक्षा कोनले तरी लाई दे व माय.’ मी हसण्यावारी नेलं. दिवाळी झाली, त्यानंतरच्या सोमवारी तिने सकाळचा चहा ठेवला आणि चहा उतू गेला तरी ती उठली नाही. पहिला फोन मी तुलाच लावला. तू उचलला नाहीस, निरोप आला, ‘मीटिंगमध्ये आहे. मायला सांग, लवकरच येतो.’ मी तिच्या कानाशी वाकून ते सांगितलं. निरोप पोचवणं माझं काम होतं, मी पोचवला. दुसऱ्यांदा फोन लावला नाही. मुद्दाम लावला नाही. तुला ग्रुपवर कळलं असतं, पण तू तिथे नव्हतास. डोळ्यांच्या पेढीची माणसं तासाभरात आली आणि तिचे डोळे घेऊन गेली. तुझ्या चित्रात एक चूक आहे, ती दुरुस्त करून घे. तशा काळ्या खोबणी दिसत नाहीत, पापण्या ते इतक्या नीट मिटवून देतात की माणूस झोपल्यासारखं वाटतं. अग्नी मी दिला. तापीवर मी गेले. गंधमुक्ती झाली, संक्रांतही होऊन गेली आणि तू एकदाही विचारलं नाहीस. मग हे आमंत्रण आलं. तिचे डोळे कुणाला लावले ते आम्हालाही सांगत नाहीत. सुरतेत असतील, मुंबईतही असतील. तेव्हा उद्घाटनाला येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत नीट बघ. कुणीतरी परका माणूस तुझ्या त्या दारासमोर उभा राहील, आपल्याला इथे का थांबावंसं वाटतंय ते त्यालाही कळणार नाही, आणि मग वळून तुझ्याकडे बघेल. म्हणजे तिचे डोळे तुझ्या दारापर्यंत येऊनही जातील, आणि तू हसून पुढच्या पाहुण्याकडे वळशील. तू त्याला दया म्हण. आम्ही डोयाच म्हणतो. गाडी पाठवू नकोस.

तुझीच, अजून तरी,
गायत्रीताई